तपकिरी बूट, सकाळी दहा पंचवीस

१

शनिवारी शाळा अर्धीच असते. साडेबाराला मी आत्याच्या ऑफिसपाशी पोचले आणि नेहमीसारखी दोन-दोन पायऱ्या उतरणार, तेवढ्यात दिसलं की किल्लीकाका सर्वांत खालच्या पायरीवर बसलेत. ऑफिस उघडणं, झाडणं, पोस्टात जाणं, चहा करणं ही सगळी कामं त्यांची. एक पाय अधू असला तरी कामाच्या वेळात त्यांना बसलेलं मी वर्षभरात एकदाही पाहिलं नव्हतं.

"काय झालं, काका?"

"कार्डं गेली. तुझ्या आत्याच्या शेवटच्या खणातली." किल्ल्यांचा जुडगा त्यांनी कमरेचा काढून मांडीवर ठेवला होता. "आणि ती मी नेली, असं मालकांचं म्हणणं आहे."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गेली अकरा वर्षं ती शाळकरी मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश करतेय. एका शब्दाला एक कार्ड. कार्डाच्या खालच्या बाजूला भोक, भोकातून जाणारी पितळी दांडी, दांडीवर ओवलेली कार्डं लाकडी खणात. असे बेचाळीस खण. त्यातले एकेचाळीस टाइप होऊन गेले होते. बेचाळिसावा चालण्याच्या शब्दांचा. सोपा आहे म्हणून आत्याने तो मागे ठेवला, आणि त्या एकट्याने तिची चार वर्षं खाल्ली.

आपण 'चालला' म्हणतो, त्याला एखादं रखडत, तरातरा, रमतगमत जोडतो आणि मोकळे होतो. इंग्रजीत दर चालीला निराळं क्रियापद. स्ट्रोल आणि सॉन्टर, दोन्ही रमतगमतच. पण सॉन्टर करणाऱ्याला आपल्याकडे कोणीतरी बघतंय याचं भान असतं. प्लॉड आणि ट्रज, दोन्हीत पावलं जड. पण ट्रज करणारा थकून गेलेला असतो, आणि प्लॉड करणारा थकला तरी लय सोडत नाही. असे एकशे सत्तर शब्द. पुस्तकातले अर्थ आत्याला पुरत नाहीत. तिला डोळ्यांनी बघावं लागतं.

बघायला खिडकी होती. ऑफिस अर्धं जमिनीखाली, त्यामुळे आत्याच्या खोलीतली खिडकी छताला लागून, आणि तिच्यातून रस्त्यावरचे लोक फक्त गुडघ्यापर्यंत दिसतात. आत्याने चार वर्षं पाय पाहिले. प्रत्येक कार्डाच्या तळाशी लिहिलं: कुठले पाय, तारीख, वेळ. शेवटची पायरी मी. कार्ड वाचून ऑफिसातल्या लांब बोळातून तसं चालून दाखवायचं. चाल जमली तर अर्थ बरोबर, नाही जमली तर आत्या खोडणार. मागच्या वर्षापर्यंत वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करायचे नाही. पण चारचौघांत दीडशे तऱ्हांनी डुलून, लंगडून, अडखळून झाल्यावर फळ्यापाशी जायची भीती कसली उरते?

आत मालकांचा आवाज चढला होता. "सोमवारी टायपिंग सुरू झालं नाही तर छापखान्याची तारीख जाते, बाई. अकरा वर्षं मी थांबलो. आता शाळा थांबणार नाहीत."

आत्याने काहीतरी उत्तर दिलं. तिचा आवाज इतका दमलेला होता की भिंतीतून नुसता श्वास ऐकू आला.

मालक दारात आले आणि पायरीकडे बघून म्हणाले, "पाच वाजेपर्यंत वेळ देतो. कार्डं आणा, नाहीतर किल्ल्या टेबलावर ठेवून जा."

किल्लीकाका काही बोलले नाहीत. मला त्याचंच जास्त नवल वाटलं. पाण्याचं पिंप हललं तरी तासभर बोलणारा माणूस.

२

आत्या खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून बसली होती. बेचाळिसावा खण टेबलावर, रिकामा.

"मी शोधणार आहे," मी म्हटलं.

"शोध, भिंगरे." भिंगरी हे माझं ऑफिसातलं नाव. "मला उठवू नकोस फक्त."

"झोपलीयस?"

"नाही. पण उठवू नकोस."

खण मी उलटा-सुलटा केला. कार्डं गेली होती, दांडी मात्र जागच्या जागी परत घातलेली. दांडी खणाच्या मागच्या बाजूने निघते. तिच्या टोकाला पितळी चाकी असते, ती फिरवून काढायची आणि तशीच परत आवळायची. ही चाकी आवळलेली होती, पण तिरकी. आटे चुकून बसली होती आणि जोर लावूनही सरळ होईना.

मला फार आनंद झाला. रद्दीत विकायला किंवा दुसऱ्या कोणाला द्यायला नेणारा माणूस अख्खा खण काखोटीला मारेल. कार्डं काढून, रिकामी दांडी परत घालून, चाकी लावत कोण बसेल?

"आत्या, दांडी कुठून निघते हे कोणाला माहीत आहे?"

"मला. टायपिस्टला. प्रूफवाल्यांना. किल्लीवाल्यांना मी कपाटाला बाहेरून फडकं मारू देते, आत हात लावू देत नाही."

"मालकांना?"

आत्याने एक डोळा उघडला. "विचारून बघ."

मी रिकामा खण घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि जरा दांडी काढून द्याल का म्हणून विचारलं. त्यांनी खण टेबलाच्या कडेवर टेकवला, पुढची कडी धरून जोरात ओढली आणि तो आपल्या पायावर पाडून घेतला. त्यानंतर त्यांनी जे केलं त्याला इंग्रजीत हॉप म्हणतात. मालक यादीतून गेले.

उरले तिघे, आणि त्यातली एक आत्या.

३

टायपिस्टताईंची खोली बोळाच्या सुरुवातीला. धुळीचा त्रास म्हणून त्या दार लावून काम करतात. मी गेले तेव्हा त्या नाक पुसत होत्या आणि हा त्रास धुळीचा नव्हता.

"मी काय मुद्दाम नाव घेतलं का त्यांचं?" मी काही विचारायच्या आधीच त्या सुरू झाल्या. "मालक म्हणाले, काही ऐकलंत का. ऐकलं ते सांगितलं. खोटं बोलायचं होतं का मी?"

"नाही ताई. काय ऐकलंत ते मला परत सांगा."

सोमवारी नवा खण येणार म्हणून जुनं काम उरकायला त्या आज पावणेनऊलाच आल्या होत्या. किल्लीकाका उघडून, झाडून, नऊला पोस्टात गेले. सव्वानऊच्या सुमारास बोळात पावलं वाजली. आत्याच्या खोलीकडे गेली. बराच वेळ शांत. मग ताईंनी प्रिंटर सुरू केला, तो खडखडला, आणि लगेच तीच पावलं परत बाहेर गेली.

"लगेच म्हणजे?"

"प्रिंटर वाजला, पाच मिनिटं झाली नसतील, आणि गेली."

"आणि ती किल्लीकाकांची होती हे कशावरून?"

"पाय ओढत चालत होता माणूस. इथे दुसरं कोण पाय ओढतं?" त्या परत नाक पुसायला लागल्या. "माझ्या लेकीच्या तापात त्यांनी मला तीन दिवस डबा आणून दिला होता. आणि मी त्यांचं नाव घेतलं."

"तुम्ही पायांचं नाव घेतलंत, ताई."

हे वाक्य मला इतकं आवडलं की बोळात आल्यावर मी ते वहीत लिहून ठेवलं. लिहिताना मात्र थांबले. पाय ओढत. किल्लीकाका पाय ओढतात, खरंय. एक. दुसरा धडधाकट आहे.

४

किल्लीकाका अजून पायरीवरच होते. मी शेजारी बसले.

"पोस्टात किती वाजेपर्यंत होतात?"

"खिडकी बंद होती. पाकीट तसंच परत आणलं."

"मग किती वाजता परत आलात?"

"आलो असेन."

"काका, पावती नाही, साक्षीदार नाही, वेळ नाही. थोडी मदत करा ना मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजी आजारी असताना लोक लहान मुलांकडे बघतात ना, तसं. "राहू दे, भिंगरे. बत्तीस वर्षं झाली. जुडगा जड लागतो आताशा."

"खोटं. परवाच तुम्ही म्हणालात, मेलो तरी किल्ल्या कमरेला राहू द्या."

"परवाची गोष्ट परवा होती," ते म्हणाले आणि किल्ल्या एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवल्या. त्यांना काहीतरी माहीत होतं. हे विचित्र होतं, कारण खोटं बोलणारा माणूस सहसा स्वतःला वाचवायला बोलतो, आणि हे तर उलट्याच दिशेने निघाले होते.

प्रूफकाका त्यांच्या टेबलापाशी होते. आत्याच्या कोशातला प्रत्येक शब्द टायपिंगला जायच्या आधी ते तपासतात. उंच, बारीक, चष्मा कपाळावर, हातात लाल पेन्सिल. सगळं ऑफिस दिवसभर सुतक असल्यासारखं होतं, पण त्यांची मान नेहमीसारखी कागदात होती. फक्त पान उलटत नव्हतं.

"काका, शेवटचा खण तुम्ही तपासला होता ना?"

"गुरुवारी. लाल खूण करून परत दिला."

ही आमच्याकडची रीत आहे. त्यांची लाल खूण झाली की त्या खणाला कोणी हात लावत नाही. नंतर कोणाला, अगदी त्यांना स्वतःलासुद्धा, काना-मात्रा बदलायची असली तरी कार्ड घेऊन आत्यासमोर जायचं, कारण सांगायचं आणि दोघांनी सही करायची. आत्या म्हणते, नाहीतर कोश कधी संपणारच नाही.

"सगळी कार्डं वाचलीत?"

"सगळी."

"चुका होत्या?"

पेन्सिल त्यांच्या बोटांत थोडी थरथरली. "एक राहिली."

"कुठली?"

"सांगेन कधीतरी. जा आता, मला हे पान संपवायचंय."

माझा खोडरबर खाली पडला म्हणून मी वाकले. टेबलाखाली एका कोपऱ्यात त्यांचे जुने, नाडीचे चामडी बूट होते. तपकिरी. उजव्या बुटाच्या नाकावर काळ्या चामड्याचं ठिगळ. नाड्या पक्क्या बांधलेल्या आणि त्यांवर धूळ. पायांत मात्र कापडी होते, बिननाडीचे, नुसते सरकवायचे.

मी खोडरबर घेतला आणि उठले. तेव्हा मला काहीही कळलं नव्हतं. फक्त डोक्यात काहीतरी खाजत राहिलं: काळं ठिगळ, काळं ठिगळ, हे मी कुठे ऐकलंय?

५

ऐकलं नव्हतं. लिहिलं होतं.

चालून दाखवताना आत्या मला कार्ड वाचून दाखवायची आणि मी ते वहीत टिपून घ्यायचे: शब्द, कोणाचे पाय, तारीख, वेळ. घरी सराव करायला. आत्याची कार्डं इंग्रजी वर्णमालेप्रमाणे लावलेली असायची, त्यामुळे तिच्याकडे चार वर्षांपूर्वीच्या कार्डाशेजारी कालचं कार्ड. मी बोळात जमिनीवर बसले, वही पुढ्यात घेतली आणि काळ्या ठिगळाच्या तपकिरी बुटांच्या तेवढ्या नोंदी काढून तारखेने लावल्या.

चार वर्षांपूर्वी, सकाळी दहा पंचवीस: स्ट्राइड. लांब टांगा, ताठ, घाई नाही पण उशीरही होणार नाही.

तीन वर्षांपूर्वी, दहा पंचवीस: वॉक. साधं चालणं.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर, दहा सव्वीस: प्लॉड.

दोन वर्षांपूर्वी, दहा अठ्ठावीस: ट्रज.

मागच्या वर्षी, साडेदहा: फॉल्टर. पुढे आत्याने लिहिलं होतं, पाय आपल्या पायऱ्यांच्या कठड्यापाशी थांबतात, एक पाऊल मागे घेतात, मग उतरतात.

या वर्षी, दहा पस्तीस: शफल. पाय पुरते न उचलता, जमिनीला घासत, आळसाने चालणे.

आपल्या पायऱ्या. म्हणजे ते बूट रोज आमच्याच दारातून आत येत होते.

मी ती पानं घेऊन आत्याकडे पळाले. रन नाही, डॅश. समोर वही ठेवली. तिने वाचली. परत पहिल्या नोंदीपासून वाचली. खिडकीकडे बघितलं, तिथून कोणाच्या तरी चपला गेल्या.

"रोज येऊन ते मला नमस्कार करतात," ती म्हणाली. "मी मान वर न करता 'हं' म्हणते. अकरा वर्षं."

"तुला खरंच कळलं नाही?"

"मी पाय बघत होते, भिंगरे."

घड्याळात सव्वाचार झाले होते. "मग पाच वाजता मी सगळ्यांसमोर सांगते. चाकी तिरकी का बसली तेसुद्धा जुळतं, बोटंसुद्धा तशीच थरथरतात. मी सगळं ओळीने सांगेन."

भाषण माझ्या डोक्यात तयार होतं. सगळ्यांना गोल बसवायचं, एकेकाचं नाव घेऊन सोडायचं आणि शेवटी बोट दाखवायचं.

"आधीचा, खिळे जुळवणारा कंपोझिटर आठवतो का तुला? नाही, तू लहान होतीस," आत्या म्हणाली. "डोळे गेल्यावर मालकांनी आठवड्यात हिशेब करून घरी पाठवला. प्रूफवाल्यांना ते आठवत असणार." तिने कपाळ चोळलं. "तुला काय हवंय, ते एकदा ठरव. चोर हवाय की किल्लीवाल्यांच्या किल्ल्या?"

मी वही मिटली. एवढं सुंदर भाषण होतं.

"किल्ल्या," मी म्हटलं.

६

पावणेपाचला मी सगळ्यांना टायपिस्टताईंच्या खोलीत बसवलं. मालक घड्याळ बघत, आत्या खिडकी नसलेल्या भिंतीकडे बघत, प्रूफकाका दारालगतच्या खुर्चीत. किल्लीकाका उभेच.

"टायपिस्टताईंनी पावलं ऐकली, माणूस पाहिला नाही," मी म्हटलं. "आता मी दार लावून बोळातून दोनदा चालणार. सकाळचं कुठलं ते त्या सांगतील."

"हा काय पोरखेळ आहे?" मालक म्हणाले.

"पंधरा मिनिटं आहेत अजून," आत्या म्हणाली. "तेवढी तुम्हीच दिलीयत."

मी बाहेर जाऊन दार लावलं. आधी लिंप. लंगडण्यात दोन आवाज असतात, एक जड, एक हलका. चांगला पाय घाईने टेकतो, अधू पाय मागून येतो. ठप्-सर्र, ठप्-सर्र. किल्लीकाकांची चाल मला झोपेतही जमते. मग परत फिरून शफल. त्यात पायापायांत फरक नाही, दोन्ही तळवे जमिनीवरच. सर्र, सर्र, सर्र.

दार उघडलं. ताई सरळ बसल्या होत्या.

"पहिलं नाही. पहिलं नक्की नाही. सकाळी दोन्ही पावलं सारखी वाजत होती." मग त्यांचा चेहरा पडला. "पण दुसरंसुद्धा तसंच नव्हतं गं. जवळपास होतं. काहीतरी निराळं होतं."

"निराळं म्हणजे?"

"नाही सांगता येत मला."

"म्हणजे हेही नाही आणि तेही नाही," मालक उठले. "आवाजावरून काही सिद्ध होत नाही हे तूच दाखवलंस, पोरी. शाबास. आणि दोन्ही पाय घासणारा दुसरा माणूस ऑफिसात आहे कुठे? असेल तर नाव सांग."

नाव माझ्या जिभेवर होतं. वही हातात होती. प्रूफकाका माझ्याच हाताकडे बघत होते. मला आयुष्यात पहिल्यांदाच बोलता येत होतं आणि गप्प बसायचं होतं, आणि ते फळ्यापाशी जाण्याहून कितीतरी अवघड निघालं.

"मला नाही सांगायचं," मी म्हटलं.

"मग प्रश्न मिटला." मालकांनी किल्लीकाकांपुढे हात केला. किल्लीकाकांनी जुडगा उचलला.

"तिची टाच उचलली जाते," कोणीतरी म्हणालं.

प्रूफकाका. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर घेतला होता, पान तपासताना घेतात तसा.

"तरुण पाय आहेत, त्यांना सवय नाही. दर चौथ्या पावलाला टाच सुटते. आवाज तुटतो. बाईंनी कार्डात 'पाय पुरते न उचलता' लिहिलंय ते बरोबर आहे, ही करते ते चूक आहे." ते खुर्चीचे हात धरून उठायला लागले. किल्लीकाका पुढे झाले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. "टायपिस्टताई, डोळे मिटा."

ते खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. सर्रर्र, सर्रर्र. मध्ये कुठेही तुटलं नाही. सात पावलांची खोली ओलांडायला त्यांना किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही, पण मालकांचा पुढे केलेला हात हळूहळू खाली आला.

टायपिस्टताईंनी डोळे उघडलेच नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच त्या रडायला लागल्या.

७

कार्डं त्यांच्याच पिशवीत होती, दिवसभर, खुर्चीच्या पाठीला टांगलेली.

"चोरायची नव्हती, बाई. एक शब्द काढायचा होता. लाल खूण झाली होती, म्हणजे तुमच्यासमोर येऊन कारण सांगावं लागलं असतं. ते जमेना. म्हटलं सकाळी लवकर जाऊन गुपचूप खोडावा. ऑफिसात कोणी असेल असं वाटलं नव्हतं. कार्ड सोडवायला दांडी काढली, खोडलं, आणि परत ओवायला बसलो तर बोटं भोकं सापडू देईनात. तेवढ्यात शेजारी प्रिंटर वाजला. घाबरलो आणि सगळी पिशवीत भरली."

"आणि दांडी परत लावलीत?" मी विचारलं.

"उघडी दांडी टाकून कसा जाणार?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही.

"दिवसभर गप्प का बसलात?" मालक म्हणाले. आवाज आता चढलेला नव्हता. "यांचं नाव घेतलं जात होतं."

"सकाळपासून उठायचं म्हणत होतो. उठायचं आणि सांगायचं. पण आता उठणं हेच मोठं काम होऊन बसलंय, आणि उठल्यावर कळणारच होतं सगळ्यांना. हा आजार अजून वाढत जाणार म्हणतात डॉक्टर." ते किल्लीकाकांकडे वळले. "तुमची माफी कुठल्या तोंडानं मागू?"

"मागू नका," किल्लीकाका म्हणाले. "पोस्टातून परत आलो तेव्हा पाहिलं होतं मी तुम्हाला. कठडा धरून चढत होतात. मी जिन्याच्या भिंतीआड उभा राहिलो. असं चढताना कोणी बघितलेलं आवडत नाही, मला ठाऊक आहे." किल्ल्या त्यांनी कमरेला अडकवल्या. "माझा एकच पाय गेलाय. मला दुसरीकडे काम मिळालं असतं."

आत्याने पिशवीतून शफलचं कार्ड शोधून काढलं. 'आळसाने' या शब्दावर लाल रेघ होती, थरथरती, पण सरळ. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: आळस नव्हे. उचलायचे असतात, उचलले जात नाहीत.

तिने ते मालकांपुढे धरलं. "अकरा वर्षांत माझी अशी चूक कोणी पकडली नाही. हे गेले तर पुढचं कोण पकडणार?" मग पेन काढून लाल रेघेशेजारी सही केली आणि कार्ड प्रूफकाकांपुढे ठेवलं. "कारण सांगून झालं. तुमची सही राहिलीय."

मालक आपल्या पायाच्या दुखऱ्या अंगठ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "वर, पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरकडे रस्त्यालगत एक टेबल रिकामं आहे. तिथे पायऱ्या नाहीत." आणि केबिनमध्ये जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

खण सोमवारी टायपिंगला गेला. कार्डं शनिवारी संध्याकाळी मीच ओवली, चाकी मात्र तिरकीच राहिली.

पुढच्या शनिवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून मी सकाळीच ऑफिसात होते. दहा पस्तीसला खिडकीतून कापडी बूट गेले, शेजारून एक पाय जड, एक हलका, अशा चपला. प्रुफांचा गठ्ठा किल्लीकाकांकडे असणार. दोघं कशावर तरी वाद घालत होते.

आत्याने सवयीने कोरं कार्ड पुढे ओढलं. पेन उघडलं. मग टोपण लावलं, खुर्ची मागे सारली आणि म्हणाली, "नमस्कार करून येते."

अकरा पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली, गुडघ्यावर हात ठेवून. त्या चालण्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. वहीत मात्र लिहिलं नाही.